सगळी दारं भैरूची

आमचा भैरू पहिल्यांदा मरता मरता वाचला तो तांबड्या रश्श्यातून. कोल्हापुरात राहायचं, रविवारी घरात रस्सा करायचा आणि कुत्र्याच्या वाटीत मात्र कोरडी भाकरी टाकायची, असं कधी झालंय का? यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, तर नेमच होता. आपलं जेवण झालं की शेवटची भाकरी कुस्करायची, वर दोन पळ्या रस्सा ओतायचा आणि "हाण लेका" म्हणायचं. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे आम्हाला कोण सांगणार? एका सोमवारी भैरूच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि तो जिन्याखाली जाऊन पडून राहिला.

वाचवला तो सुयशनं. सुयश म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा, डॉक्टर सुयश खोराटे, रंकाळ्याजवळ त्याचा जनावरांचा दवाखाना आहे. त्यानं दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळवून भैरूला चढवलं, रात्रंदिवस उशाशी बसला आणि भैरू शेपूट हलवायला लागल्यावर आमची दोघांची चांगली खरडपट्टी काढली.

"आई, रागानं माणूस कुत्र्याला मारत नाही तेवढं लाडानं मारतो," तो म्हणाला. "आजपासून भाकरी बंद. मी सांगतो तेच खाणं."

आणि त्यानं गाडीतून 'सात्म्य' नावाच्या कुत्र्यांच्या तयार खाण्याचं पोतं काढून माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

मी एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात जन्म घालवला. सबब माझा आवाज मोठा आहे, आणि कुणी मला शहाणपण शिकवायला लागलं की तो आणखी चढतो. पण त्या दिवशी मी गप्प बसले. पोरगं डॉक्टर, कुत्रं त्यानं यमाच्या दारातून ओढून आणलेलं, वर माझ्या रश्श्यानं केलेला प्रताप डोळ्यांसमोर. कुठल्या तोंडानं बोलणार?

तरी पोत्यावर काय लिहिलंय ते वाचलंच. "यात जिवंत जंतू आहेत म्हणे. हे काय घालायला लावतोयस त्याला?"

सुयश हसला. "तू दही लावतेस ना? तसंच समज. प्रत्येकाच्या घरचं विरजण वेगळं, म्हणून दह्याची चव वेगळी. कुत्र्याच्या पोटातही असंच विरजण असतं. काही चांगलं, काही नासकं. या दाण्यांत बारा जातींचे निवडक जंतू झोपवून ठेवलेत. पोटात गेले की जागे होतात, नासके जंतू हुसकून लावतात आणि तिथंच घर करतात. मग उलटी नाही, जुलाब नाही, खरूज नाही. घरात कुत्र्याचा वाससुद्धा येत नाही."

"वास येत नाही म्हणजे?"

"कुत्र्याच्या अंगाचा वास जंतूच तयार करतात. कातडीवर, कानात, शेपटीखालच्या ग्रंथीत. आतलं विरजण बदललं की बाहेरचंही बदलतं."

ते खरं निघालं. महिनाभरात भैरूचं अंग चकाकायला लागलं. पावसाळ्यात घरात जो ओल्या घोंगडीचा वास भरायचा, तो गेला. शेजारच्या देसाईबाईंनी विचारलं, मी अभिमानानं सुयशचं नाव सांगितलं. त्यांनी त्यांच्या कुत्रीला तेच लावलं. गावातल्या इतर डॉक्टरांनीही लावलं. प्राणिमित्रांच्या एका मंडळानं तर रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही रोज सकाळी तेच घालायला सुरुवात केली. वर्षभरात अशी अवस्था आली, की कोल्हापुरात 'सात्म्य' न खाणारं कुत्रं शोधून सापडलं नसतं. रात्रीचं भुंकणं बंद झालं. कुत्र्यांची भांडणं थांबली. लोक म्हणाले, बघा, शास्त्र म्हणतात ते हे.

आता यांच्याबद्दल सांगते. माझे यजमान जयवंतराव शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाचे लाकडी साचे करायचे. केसाएवढा फरक बोटानं सांगणारा माणूस. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि फाटकाला कुलूप लावा म्हणून बजावलं. मी लावलं नाही. कारण संध्याकाळ झाली की हे चपला घालायचे आणि भैरूला घेऊन कळंब्याच्या तलावाच्या बांधावर जायचे. आयुष्यात स्वतःच्या पायानं करायचं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

खरं म्हणजे हे भैरूला फिरवत नव्हते, भैरू यांना फिरवून आणायचा. जाताना प्रत्येक खांबाला, दगडाला, गाडीच्या चाकाला पाय वर करायचा आणि येताना आपल्याच खुणा हुंगत हुंगत थेट आमच्या फाटकात. हे त्याच्या मागोमाग. अंधार पडायच्या आत दोघंही घरात. सुयशनं यांना रस्ता दाखवणारं घड्याळ आणलं, भैरूच्या गळ्यात तसलाच पट्टा बांधला. पण फौंड्रीतली सवय! चालत्या मशीनजवळ जाताना अंगावर घड्याळ, अंगठी, पट्टा काही ठेवायचं नाही. फाटकापाशी आले की हे आधी आपलं घड्याळ काढायचे, मग वाकून भैरूचा पट्टा सोडायचे आणि दोन्ही कुंपणाच्या भिंतीवर ठेवून निघायचे. मी ओरडले की म्हणायचे, "वैजू, हात तुटंल एखाद्या दिवशी." सगळं विसरले, हे विसरले नाहीत. मी ओरडणं सोडून दिलं. भैरू होता ना.

पहिला धक्का बसला तो फाटकाबाहेरच्या खांबापाशी. मी झाडांना पाणी घालत होते. भैरूनं खांब हुंगला आणि चटका बसावा तसा मागे सरला. पुन्हा हुंगला. मग मान वळवून स्वतःचंच अंग हुंगलं, परत खांब हुंगला. तो तिथं नुकताच येऊन गेलाय, असं खांब त्याला सांगत होता. आणि तो तर सकाळपासून घरातून हलला नव्हता. तेवढ्यात देसाईंची कुत्री आली. दोघांनी एकमेकांना हुंगलं आणि दोघंही तशीच उभी राहिली. ना गुरगुरणं, ना शेपूट हलवणं. आरशापुढं उभं राहून माणूस स्वतःशी काय बोलणार?

मला उगीचच भीती वाटली. दिवसाढवळ्या, पाण्याची झारी हातात असताना भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात भैरू परत येताना देसाईंच्या दारात जाऊन बसला आणि हे त्याच्या शेजारी पायरीवर. देसाईबाई हसत हसत दोघांना घेऊन आल्या. मग एकदा गल्लीच्या टोकाच्या घरात. मग त्यापुढच्या वस्तीत. आमच्या पायरीवर सकाळी भलतंच कुत्रं झोपलेलं सापडायला लागलं. सगळ्या गल्लीला याची गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती.

मी रिक्षा केली आणि सुयशचा दवाखाना गाठला.

"भैरूला घर कळंना झालंय," मी म्हटलं. "सगळ्या कुत्र्यांचं विरजण एक केलंस, सगळ्यांचा वास एक झाला. ज्या दारात आपला वास, ते दार आपलं, एवढंच कुत्र्याला कळतं. आता त्याला गावातली सगळी दारं आपलीच वाटतात."

सुयशनं पडद्यावर भैरूचे रिपोर्ट काढले. रक्त, यकृत, मूत्रपिंड, सगळ्या रेघा हिरव्या. खाली आहाराची शिफारस आपोआप लिहून आली होती, 'सात्म्य, आजन्म', आणि त्याखाली सुयशच्या सहीची जागा.

"आई, अभ्यासात असं काही आलेलं नाही. चाळीस हजार कुत्र्यांवर तपासलंय हे खाणं."

"आलेलं नाही, की बघितलंच नाही?"

त्यानं पडद्यावर काहीतरी बराच वेळ शोधलं. "वजन बघितलंय. आयुष्य, कातडी, पचन..." मग हळू आवाजात म्हणाला, "कुत्र्यांना एकमेकांचा जो वास येतो, त्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. माणसाला तो येतच नाही ना."

"सुयश, आईला खरं सांग. हे कंपनीवाले तुला काय देतात?"

त्याचा चेहरा पडला. मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

"एक पैसा देत नाहीत. घेतलाही नसता. तू वाढवलंयस मला." तो उठून खिडकीशी गेला. "आई, कॉलेजात आम्हाला शस्त्रक्रियेला चार मास्तर होते. औषधांना तीन. खाण्यावर एकच तास व्हायचा, तो घ्यायला कंपनीची माणसं यायची. पुस्तक त्यांचं, तक्ते त्यांचे. नंतर दरवर्षीची शिबिरं त्यांची, आणि हे मशीनही त्यांचंच. मला कुणी विकत घेतलेलं नाही. मला शिकवलंच त्यांनी. मला खाण्यातलं जे काही येतं ते सगळं त्यांच्याकडून आलंय. त्यापलीकडं बघायला माझ्याकडं डोळेच नाहीत."

एखादा डॉक्टर लाच खातो म्हटल्यावर त्याच्याशी भांडता येतं. याच्याशी काय भांडू? माझं पोरगं खोटं बोलत नव्हतं आणि तरी त्याच्या शब्दावर विसंबायची सोय उरली नव्हती.

"बरं, बंद करते मी ते पोतं," मी म्हटलं.

"कर. पण उपयोग होईल असं वाटत नाही. ते जंतू घर करून बसलेत. जुने जंतू परत आणायला कधीच 'सात्म्य' न खाल्लेलं कुत्रं लागेल, आणि ते आता कुठून आणायचं? तोवर बाबांना बाहेर सोडू नकोस."

फाटकाला कुलूप लागलं. मी स्वतः लावलं. भैरूला बिनकांद्याची, बिनमिठाची भाकरी सुरू केली. त्याच्यात काही फरक पडला नाही. घरात वावरायचा, मला ओळखायचा, यांच्या पायाशी बसायचा, पण मधूनच उठून कोपरे हुंगत फिरायचा. हरवलेलं काही शोधत असल्यासारखा नाही. उलट, नको तितकं सापडत असल्यासारखा.

आणि हे संध्याकाळी चपला घालून फाटकापाशी जायचे. घड्याळ काढायचे, पट्टा सोडायचे, भिंतीवर ठेवायचे आणि कुलूप हातात धरून उभे राहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. अंधार पडेपर्यंत उभे. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि रडायची. पुढं यांनी जेवण कमी केलं. मग बोलणंही कमी केलं.

सुयशला फोन केला. तो कंपनीशी भांडत होता, पत्रं लिहीत होता, इतर डॉक्टरांना गोळा करत होता. कंपनीनं नवा जंतू पाठवला होता, 'प्रत्येक कुत्र्याला आपला वेगळा वास देणारा'. त्यानं तो भैरूला पाजला. दहा दिवसांनी त्यानं कंपनीनं सोबत दिलेल्या वास मोजायच्या मशीनवर भैरूचा वास तपासला आणि धावतच घरी आला.

"फरक पडलाय, आई! भैरूचा वास वेगळा झालाय. हे बघ, आलेखात दिसतंय." त्याचा चेहरा लहानपणी पहिला नंबर आल्यावर असायचा तसा झाला होता. "सोड बाबांना. मी सांगतो ना."

मी कुलूप काढलं. हे इतके खूश झाले, की जाताना वळून माझ्याकडे बघून हात केला. लग्नानंतर शिरोलीला पहिल्या पाळीला जाताना करायचे, अगदी तसा. सुयश म्हणाला, "मी जातो मागनं." हे थांबले आणि मागं न बघताच म्हणाले, "मी काय शेळी हाय काय, माझी राखण करायला?" सुयश जागीच थांबला. बापाचं एवढं लांब वाक्य त्यानंही कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

अंधार पडला तरी दोघं आले नाहीत. घड्याळ नि पट्टा नेहमीसारखे भिंतीवरच होते.

काय चुकलं ते सुयशला गाडीत समजलं. आम्ही तलावाच्या बांधावरून, मग सगळ्या वस्त्यांतून फिरत होतो. त्यानं अचानक गाडी बाजूला घेतली आणि डोकं धरलं. "भैरूचा वास बदलला, आई. पण घराचा कुठं बदललाय? फाटक, पायरी, खांब, सगळीकडं अजून जुनाच वास आहे, सगळ्या कुत्र्यांचा. आता तर ते घरही त्याचं राहिलं नाही. जाताना केलेल्या नव्या खुणाही बाकीच्या कुत्र्यांनी पाय वर करून पुसून टाकल्या असणार. मी आलेख बघितला. घर नाही बघितलं."

माझा हात त्याच्या पाठीवर गेला. पोरगं चुकलं तरी पोरगंच असतं.

त्या फेरीत मी जे बघितलं, ते मला अजून झोपू देत नाही. प्रत्येक फाटकात एक कुत्रं बसलेलं. गाडी थांबली की ते उठायचं, शांतपणे यायचं, चाक हुंगायचं आणि परत जाऊन बसायचं. कुठं गुरगुरणं नाही, कुठं भुंकणं नाही. परक्याला बघून भुंकायला आपलं असं काही तरी लागतं. पोलिसांत कळवलं, मोबाइलवर फोटो पाठवले, आणि घरी येऊन मी रात्रभर पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचगावहून फोन आला. मालन पोवार नावाच्या एकट्या राहणाऱ्या विधवा बाई. त्यांच्या नातीनं फोटो बघितला होता.

मालनकाकींचं घर लहान, ओट्यावर तुळस, खुर्चीत हे बसलेले. अंगात कुणाचा तरी स्वेटर. भैरू पायाशी. आम्हाला बघितल्याबरोबर तो धावत फाटकापाशी आला. मला तर त्यानं ओळखलंच. हात चाटले, शेपूट हलवली आणि ओट्याकडे घेऊन निघाला. ये, आत ये, उशीर केलास, असंच जणू म्हणत होता.

"अहो," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी निवांत. कित्येक महिन्यांत मी तो असा बघितला नव्हता. "या की, बसा. कुणाकडं आलाय?" म्हणाले. आणि आत वळून हाक मारली, "वैजू, पाहुणे आल्यात. चहा टाक."

आतून मालनकाकी आल्या. साठीच्या पुढच्या, कपाळ मोकळं, डोळ्यांत ओशाळेपण. "मला काय म्हणतात ते तुम्हीच ऐका, ताई. मी लई सांगितलं, मी वैजू न्हवं. ऐकत न्हाईत. काल सांजचं हे कुत्रं दारात येऊन बसलं, मला वाटलं माझा सुलतान परत आला. महिना झाला, गेलाय कुठं तरी. ह्यास्नी वाटलं असंल घरच आलं."

सुयश भैरूजवळ उकिडवा बसला. सवयीनं त्याचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या. गुलाबी, निरोगी.

"काकी, हा सुलतान नाही," तो म्हणाला. "आमचा भैरू आहे."

"मला दिसतंय की. सुलतानच्या छातीवर पांढरा ठिपका हुता, ह्याला न्हाई. मी काय आंधळी हाय?" काकींनी पदरानं डोळे टिपले. "पर दारात येऊन बसला, मी सुलतान म्हटलं, तर आला. भाकरी खाल्ली, माझ्या पायाशी झोपला. आनि काय पायजे वं मानसाला?" मग त्यांनी सुयशकडे नीट बघितलं. "तुमी रंकाळ्याचं डॉक्टर न्हवं? तुमीच सांगितलं हुतं सुलतानला ते खाणं. लई गुण आला बघा. मी समद्यास्नी तुमचं नाव सांगती."

सुयश तिथंच खाली बसला. त्या बाईनं त्याच्याकडे एवढ्या विश्वासानं बघितलं होतं, की त्यापेक्षा तिनं चप्पल मारली असती तर त्याला सोसलं असतं. त्यानं हात जोडले. काकींना वाटलं डॉक्टर नमस्कार करतायत, म्हणून त्यांनीही जोडले.

यांना उठवायला वेळ लागला. शेवटी सुयशनं हात धरला, तसे उठले आणि काकींना म्हणाले, "पाहुण्यांना सोडून येतो जरा." पाहुणी म्हणजे मी. मी मान खाली घालून गाडीत बसले.

भैरू फाटकापर्यंत आला. मी हाका मारल्या, सुयशनं हाका मारल्या. त्यानं शेपूट हलवली, आम्हाला नीट निरोप दिला आणि वळून ओट्यावर जाऊन बसला. ओढून नेता आला असता. पण मालनकाकी दारात उभ्या होत्या, काही न बोलता. सुयशनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. घरी आणून त्याला दाखवणार काय होते मी? कुठलं दार?

वाटेत यांचे हात मांडीवर, नजर बाहेर. परक्या माणसाच्या गाडीत बसावं तसे संकोचून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात एकच होतं, आता हे कुठल्याच घराला आपलं म्हणणार नाहीत. माणूस सापडला आणि तरी गेला.

आमच्या गल्लीत गाडी वळली. फाटक उघडंच राहिलं होतं. पायरीवर एक कुत्रं बसलं होतं. तांबूस, एका कानाला चीर पडलेली, आजवर कधी न बघितलेलं. गाडी थांबली तसं ते उठलं आणि शेपूट हलवायला लागलं.

सुयश हळूच म्हणाला, "आई, हे कुणाचं?"

मी उत्तर द्यायच्या आत हे दार उघडून उतरले होते. "भैरू!" अशी हाक मारली, आणि ते कुत्रं धावत येऊन यांच्या पायांत घुटमळलं. यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, घराकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ओळख होती.

"वैजू," हे म्हणाले, "आज लई लांब गेलो गं."

मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. त्यांनी मला वैजू म्हटलं, ते मी वैजू आहे म्हणून, की दारात एक कुत्रं होतं म्हणून? मला ते कळलेलं नाही. आता आमचं फाटक उघडं असतं आणि पायरीवर रोज एक तरी कुत्रं असेल, याची मी काळजी घेते. ज्या दिवशी नसेल, त्या दिवशी हे मला काय म्हणतील, हे बघायची माझी हिंमत नाही.